मुलांना गेममधून नको ते दिसलं तर? इंदूरच्या पालकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

22 वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. आता रामबाग, तिलकनगर, सुदामानगर अशा भागांत पालकांशी बोलायला जाते. बैठकीत सगळे अभ्यासाचं विचारतात. खालचे प्रश्न येतात ते बैठक संपल्यावर, चपला घालताना, जिन्यात, नाहीतर रात्री 11 वाजता फोनवर, हळू आवाजात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवावीशी वाटली. कोणाचं मूल ओळखू येईल असं काही यात ठेवलेलं नाही.

1. आमचा मुलगा फक्त बंदुकीचा गेम खेळतो. त्यात अश्लील येतंच कुठून?

बहुतेक वेळा गेममधून येत नाही, गेमच्या आजूबाजूने येतं. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्समध्ये चार अनोळखी माणसं एका टीममध्ये येतात आणि माईक चालू असतो. वीस वर्षांचा मुलगा काय बोलतोय ते तुमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या कानात जातं. हेडफोन असला की घरात कोणाला पत्ताही लागत नाही. रोब्लॉक्स या गेममधल्या खोल्या, म्हणजे आतले छोटे छोटे गेम, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या असतात. घाणेरड्या खोल्या कंपनी काढून टाकते, पण काढेपर्यंत मुलं आत जाऊन आलेली असतात.

तिसरा रस्ता फुकट डायमंड आणि यूसीचा, म्हणजे गेममधल्या पैशांचा. यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक, लिंकवरून टेलिग्रामचा ग्रुप, आणि त्या ग्रुपात डायमंड सोडून बाकी सगळं. प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेल्या 'मॉड', म्हणजे कोणीतरी फेरफार केलेल्या, गेममध्ये जाहिराती कसल्याही येतात. चौथा रस्ता पालकांच्या डोक्यातही येत नाही. मूल आपल्या आवडत्या पात्राचं नाव गूगलवर टाकून चित्रं बघायला जातं, आणि मोठ्या माणसांनी त्याच पात्राची काढलेली उघडी चित्रं समोर येतात. मुलाने काहीही 'शोधलेलं' नसतं.

2. मुलगी आत्ताच येऊन म्हणाली, "आई, कोणीतरी घाण दाखवलं." पहिलं वाक्य काय बोलू?

"बरं झालं मला सांगितलंस."

सध्या एवढंच. फोन हातातून ओढून घेऊ नका. "बघू काय ते" म्हणत तिच्यासमोर पुन्हा लावू नका. "तू तिथे गेलीसच कशाला?" हे तर मुळीच नको. फोन पालथा ठेवा, पाणी द्या, शेजारी बसा. ती शांत झाली की तीन गोष्टी विचारा: काय दिसलं, कोणी दाखवलं, आणि त्या माणसाने तुला काही करायला किंवा पाठवायला सांगितलं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर बाकी सोडून प्रश्न 9 आणि 10 वाचा.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. रविवारची सकाळ, मी पोहे परतत होते, कोथिंबीर चिरायची राहिली होती. तो टॅब छातीशी उलटा धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, इसमें कुछ आ रहा है." घरात मराठी बोलणारी आमची इंदूरची मुलं घाबरली की हिंदीत जातात. मी पडद्यावर पाहिलं, टॅब हिसकावला आणि कपाटावर टाकला. महिनाभर दिला नाही. मला वाटलं, विषय संपला. तो अकरा वर्षांचा झाल्यावर कळलं की मधल्या काळात असं चार-पाच वेळा झालं होतं आणि त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तू टॅब ले लेती ना." माझ्या लेखी ती टॅबची शिक्षा होती. त्याच्या लेखी ती सांगितल्याची शिक्षा होती.

म्हणून त्या दिवशी कसलीच शिक्षा करू नका. आणि ओरडून झालं असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगा, "मी घाबरले म्हणून ओरडले. तुझी चूक नव्हती." पालक याला कमीपणा समजतात. मुलं मात्र हे वाक्य विसरत नाहीत.

3. मुलाने सांगितलं नाही, मलाच फोनच्या हिस्ट्रीत सापडलं. पुरावा समोर ठेवून विचारू का?

नका ठेवू. पकडलं गेलेलं मूल खोटं बोलतं, आणि मग मूळ गोष्ट बाजूला राहून भांडण खोटेपणावर जातं. आधी तारीख-वेळ बघा. एकदाच, दहा सेकंदांचं आहे, तर चुकून उघडलेलं असू शकतं. रोज रात्री एकच वेळ दिसत असेल तर सवय लागते आहे. मग गाडीवरून क्लासला सोडताना किंवा भाजी निवडताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही अशा वेळी, सरळ बोला: "फोनमध्ये मला काही साइट दिसल्या. मी रागावलेली नाही. पहिल्यांदा कुठून आलं ते सांग." 'पहिल्यांदा' हा शब्द मुद्दाम घाला. आजच्यापेक्षा पहिल्या वेळचं सांगणं मुलांना सोपं जातं.

4. सहा-सात वर्षांच्या मुलाला काय समजावणार? आणि मराठीत तसे शब्द तरी कुठे आहेत?

शब्द आहेत, आपल्याला ते उच्चारायची लाज वाटते. 'योनी' आणि 'लिंग' पुस्तकी वाटत असतील तर 'शूची जागा' म्हणा, चालेल. पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा आणि तो मुलाला न हसता बोलता आला पाहिजे. ज्या गोष्टीला नाव नाही ती मूल सांगणार कशी? शाळेत असताना मी पाहिलं आहे, सांगायला आलेलं मूल शब्दापाशी अडतं, बोट दाखवतं आणि परत जातं.

या वयात स्पष्टीकरण दोन-तीन वाक्यांत संपवा. "मोठ्या माणसांचे कपड्यांशिवायचे व्हिडिओ असतात. ते लहान मुलांसाठी नसतात. दिसले तर फोन पालथा ठेवायचा आणि मला हाक मारायची, मी रागावणार नाही." पालथा ठेवायचा म्हणजे कसा, ते त्याच्याकडून एकदा करून घ्या. बंद कर म्हटलं तर घाबरलेल्या मुलाला फुलीची खूण सापडत नाही. पालथा ठेवणं कोणालाही जमतं.

5. तेरा वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारलं, "पप्पा, सच में ऐसा होता है?" काय उत्तर द्यायचं?

ज्या घरात हा प्रश्न विचारला गेला त्या घराचं मला फार कौतुक वाटतं. उत्तर असं द्या: नाही, असं होत नाही. ते कॅमेऱ्यासाठी, पैशांसाठी, कापून-जोडून केलेलं असतं. त्यात कोणी कोणाला विचारत नाही, थांबत नाही, नको म्हणत नाही. खऱ्या नात्यात विचारलं जातं आणि नकार ऐकला जातो. शिवाय त्यातली काही माणसं मर्जीने आलेलीच नसतात. तेरा वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. बघावंसं वाटलं म्हणून तू वाईट ठरत नाहीस, हेही त्याला सांगा. नाहीतर लाज आणि उत्सुकता दोन्ही त्याच्या मनात अडकून बसतात.

6. मग गेमच बंद करून टाकू का?

कायमचा बंद केला तर मूल मित्राच्या फोनवर खेळेल, आणि तिथे तुमची एकही सेटिंग नसेल. ती विशिष्ट खोली, तो ग्रुप, तो माणूस बंद करा. गेम बैठकीच्या खोलीत, हेडफोनशिवाय, रात्री जेवणाआधी चालू राहू द्या. याला अपवाद दोन: गेममधला कोणी मुलाच्या मागे लागला असेल तर, आणि मूल स्वतःच "मला नको" म्हणत असेल तर.

7. प्ले स्टोअरवर '12+' लिहिलं होतं. तरी असं कसं?

तो आकडा गेममधल्या चित्रांचा आणि हिंसेचा. खेळणारे एकमेकांशी काय बोलतील, काय पाठवतील, याचं मोजमाप त्यात नसतं. गेमना वयाची श्रेणी देणारी अमेरिकेची ईएसआरबी ही संस्था तर ऑनलाइन संवादाला आम्ही श्रेणी देत नाही, असं स्पष्ट लिहिते. म्हणून आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. खेळणारे एकमेकांशी संपर्क करू शकतात असं तिथे असेल, तर चॅट आणि माईक तपासल्याशिवाय गेम हातात देऊ नका.

8. सेटिंग नेमक्या कोणत्या कराव्यात? मला त्यातलं काही कळत नाही.

सगळ्यात आधी मुलाच्या खात्यातली जन्मतारीख बघा. अर्ध्या अडचणी इथे असतात. गेम लवकर सुरू व्हावा म्हणून मुलाने किंवा आपणच घाईत 2000 साल टाकलेलं असतं. मग लहान मुलांसाठी केलेलं एकही संरक्षण त्या खात्याला लागू होत नाही.

त्यानंतर माईक. बीजीएमआय आणि फ्री फायरमध्ये खेळतानाच पडद्यावर माईक आणि स्पीकरची खूण असते. माईक बंद आणि आवाज फक्त टीमचा, आणि टीम ओळखीच्या मुलांची. रोब्लॉक्समध्ये पालकाचं खातं मुलाच्या खात्याला जोडता येतं. मग कोणत्या दर्जाच्या खोल्या दिसाव्यात आणि कोणाशी बोलता यावं, ते तुम्ही ठरवता. डिस्कॉर्ड हे गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं ॲप 13 वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीच. मोठ्या मुलांसाठी त्यात 'फॅमिली सेंटर' आहे. मूल कोणाशी बोललं ते त्यात कळतं, काय बोललं ते कळत नाही.

अँड्रॉइड फोनवर गूगलचं 'फॅमिली लिंक' हे पालकांसाठीचं ॲप लावा. नवीन ॲप तुमच्या परवानगीशिवाय येणार नाही, आणि क्रोममध्ये अश्लील साइट अडवता येतात. फोनच्या सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' शोधा आणि क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम या तिन्हींची परवानगी काढा. मॉड गेम याच दारातून येतात.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. चोरून केलेली सेटिंग मुलं दोन दिवसांत उलटवतात. आणि गेमच्या आतलं चॅट फॅमिली लिंकला वाचता येत नाही, म्हणून ते लावलं की आपण सुटलो असं समजू नका.

9. गेममधला कोणी 'भैया' मुलीला फुकट डायमंड देतो. चांगलाच आहे म्हणते. काळजी करू का?

करा. भेटवस्तू, मग "व्हॉट्सॲपवर ये", मग "मम्मी को मत बताना", मग एखादा घाणेरडा जोक किंवा क्लिप आणि "तू पण पाठव". क्रम बहुतेक असाच असतो. क्लिप दाखवण्यामागे हेतू असतो: मुलीला वाटावं की हे सगळेच करतात. 18 वर्षांखालच्या मुलाला लैंगिक हेतूने असं दाखवणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात, गुन्हा आहे, मग त्याने हात लावलेला नसला तरी.

मुलीवर चिडू नका, ती त्याला मित्र समजते. त्याचा खेळाडू क्रमांक आधी लिहून घ्या. नाव बदलता येतं, क्रमांक तोच राहतो. चॅट नष्ट होऊ देऊ नका. मग गेममध्ये तक्रार करा, आणि त्यानंतर ब्लॉक. आधी ब्लॉक केलं तर पुष्कळदा चॅटच दिसेनासं होतं.

10. मुलाने स्वतःचा फोटो पाठवला. आता तो माणूस पैसे मागतोय, नाहीतर सगळ्यांना पाठवीन म्हणतोय.

आधी मुलाला जवळ घ्या आणि सांगा, "यातून आपण बाहेर पडू. तू गुन्हेगार नाहीस." आज रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. ही धमकी आलेली मुलं टोकाचा विचार करतात. फोन बाजूला राहिला तरी चालेल, तुम्ही शेजारी राहा. मन फार खचलेलं दिसलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. उत्तर देणं थांबवा, पण खातं पुसू नका. धमकीचे संदेश, त्याची ओळख, यूपीआय क्रमांक जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर, फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते, किंवा जवळच्या ठाण्यात. 1098 ही चाइल्डलाइन मदत करते.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या आपल्याकडे तो ठसा सापडला की फोटो काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांपर्यंत ती पोचत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

11. इतर पालकांना सावध करायला ती क्लिप वर्गाच्या ग्रुपवर टाकू का?

अजिबात नाही. क्लिपमध्ये 18 वर्षांखालचं कोणी असेल तर ती पुढे पाठवणं हाच गुन्हा, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब कलमाखाली आणि पॉक्सोखालीही. हेतू चांगला होता, ही सबब चालत नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला आहे. म्हणून कॉपी नको, दुसऱ्या फोनवर नको. लिंक, वेळ, पाठवणाऱ्याची ओळख कागदावर लिहा आणि पोलिसांना विचारा. ग्रुपवर फक्त शब्दांत लिहा: "अमुक नावाच्या ग्रुपमध्ये मुलांना जोडलं जात आहे, तपासा." आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाचं नाव नको.

12. तक्रार केली तर मुलीला ठाण्यात बसवतील, सगळ्या गल्लीला कळेल.

ही भीती मला प्रत्येक घरात भेटते, आणि याच भीतीवर ती माणसं जगतात. कायदा काय म्हणतो ते ऐका. पॉक्सोच्या 24 व्या कलमाप्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. ओळख उघड करायला मनाई आहे. कुठल्या हद्दीतलं आहे ते बघत बसायला नको, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. आणि असा गुन्हा माहीत असून लपवणं, 19 आणि 21 या कलमांप्रमाणे, मोठ्या माणसासाठी स्वतःच गुन्हा आहे.

जाताना ज्या फोनवर हे झालं तो सोबत न्या, आणि काय झालं ते एका पानावर तारखेनुसार लिहून न्या. मुलीला तेच तेच पुन्हा सांगावं लागत नाही.

13. दाखवणारा परका नाही. सुट्टीत मामाकडे गेला होता, तिथे पंधरा वर्षांच्या मामेभावाने दाखवलं.

हा प्रश्न सगळ्यात अवघड. आई माहेर आणि मूल यांच्यामध्ये सापडते. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. त्याने गंमत म्हणून दाखवलं की हात लावला, लावायला सांगितला? नुसतं दाखवलं असेल तर भाऊ-वहिनींशी फोनवर नको, समोर बसून बोला, दोन्ही मुलांना बाहेर पाठवून. "तुमचा मुलगा बिघडला" असं नाही, "दोघांनाही मदत हवी" असं. त्या पंधरा वर्षांच्या मुलालाही हे कोणीतरी दाखवलेलंच असतं.

स्पर्श झाला असेल तर ते घरात मिटवायचं प्रकरण राहत नाही. प्रश्न 12 पाहा. आरोपी अल्पवयीन असेल तर प्रकरण किशोर न्याय मंडळाकडे जातं, तुरुंगात नाही. आणि तोवर मुलाला त्या घरी रात्री ठेवू नका, मग राखी असो की लग्न.

14. आम्ही सगळं बंद केलं, पण आजोबांचा फोन? आणि नाक्यावरचा गेमिंग कॅफे?

आजोबांच्या फोनमधून टेलिग्राम काढा, गूगलची सेफ सर्च चालू करा, आणि आजोबांना खरं कारण सांगा. दुपारच्या वेळी नातवाजवळ तेच असतात. त्यांना वगळून केलेला नियम टिकत नाही. कॅफेत एकदा स्वतः जाऊन बसा. पडदे भिंतीकडे वळवलेले आहेत की सगळ्यांना दिसतात, एवढं बघितलं तरी निर्णय होतो.

15. आमच्याच मुलाने गेमच्या ग्रुपात वर्गातल्या मुलीचा एआयने केलेला उघडा फोटो टाकला. आता?

फोटो खोटा असला तरी पॉक्सोच्या व्याख्येत तो बसतो. संगणकावर बनवलेलं, पण मूल वाटेल असं चित्र 2019 पासून त्यात आहे. मुलाला पाठीशी घालू नका, मारूही नका. ग्रुपात ते कोणाकोणाकडे गेलं ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि वकिलाला त्याच दिवशी भेटा. घाईने पुसून टाकण्याआधी विचारा. मुलीच्या घरच्यांना बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळलं पाहिजे. माफी मागायला तुम्ही जा. मुलाला तिच्यासमोर उभं करू नका, तिला ते नको असतं.

16. दोन आठवडे झाले, अजून नीट झोपत नाही.

सात-आठ दिवस चित्रं डोळ्यांसमोर येणं, दिवा लावून झोपणं मी पाहिलं आहे, ते हळूहळू कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, अंथरूण ओलं होतंय, पाहिलेलं खेळात करून दाखवतोय, शाळेत जायला रडतोय, यातलं काहीही असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना सांगा. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा पत्ता ते देतात. विशेष गरजा असलेली मुलं पाहिलेलं जसंच्या तसं उचलतात, त्यांच्यासाठी दोन आठवडे थांबू नका.

17. मुलगी म्हणते, "बाबांना सांगू नकोस." वचन देऊ का?

देऊ नका, मोडावं लागेल. म्हणा, "बाबांना सांगावं लागेल, पण कधी आणि कसं ते आपण दोघी ठरवू. तू खोलीत असावंस की नसावंस?" बहुतेक मुली म्हणतात, नसावं. मग तिला सांगून, तिच्यासमोरच दार लावून घ्या, आणि आत आधी बाबांकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: बाहेर आल्यावर ते तिला एवढंच म्हणतील, "आईने सांगितलं. बरं झालं तू बोललीस." दार उघडण्याआधी हे वाक्य त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.